एअरशिपचं तिकीट

एअरशिपवर पुन्हा भाषण द्या म्हणताय, पण मागच्या वेळी काय झालं ते आधी ऐका.

इथे परदेशात, व्हिटबीला आपल्या मराठी ज्येष्ठांच्या सकाळच्या बैठकीत मी तासभर बोललो. हेलियम वायूवर हवेत तरंगणारं हे जहाज कमी उंचीवरून, सावकाश कसं जातं, वगैरे. चहाच्या वेळी कुमुदवहिनी आल्या. फुप्फुसं थकल्यामुळे डॉक्टरांनी त्यांचा विमानप्रवास कायमचा बंद केलाय, त्यामुळे मायदेशी जाणंच थांबलंय.

"भावजी, हे फार उंच जात नाही म्हणालात. म्हणजे मला श्वासाचा त्रास नाही होणार?"

"तत्त्वतः नाही," मी म्हणालो. आयुष्यभर इंजिनिअरिंग शिकवल्याची सवय.

"सांगलीपर्यंत पोचेल?"

"तत्त्वतः पोचेल. पण आठवडा लागेल."

"लागू दे की! मला कुठे ऑफिस गाठायचंय?" असं म्हणून त्या हसत बाहेर गेल्या. मला वाटलं, विषय संपला.

दहा मिनिटांनी त्या फोन हातात धरून परत आल्या.

"सांगलीच्या ताईला सांगून टाकलं, येते म्हणून. नव्वदीची आहे हो, रडायलाच लागली. आता सांगा, तिकीट कुठे काढायचं?"

"वहिनी, प्रवाशांना तिकडे नेणारं एअरशिप आज कुठेच नाही."

"मग तासभर काय सांगत होतात?" त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "ताई लाइनवर आहे. तुम्हीच सांगा तिला."

मी फोन कानाला लावला.

"अहो, कुमी खरंच येतेय ना?"

नाही म्हणायलाच मी तोंड उघडलं होतं.

"तत्त्वतः, हो," मी म्हणालो.