पाचपेडी वेणी कापली गेल्याबाबत

जबाब देणारीचे नाव: वेणीताई (सर्वत्र याच नावाने ओळख). वय ४६ वर्षे. धंदा केशरचना. राहणार जुन्या कापड गिरणीच्या मागे, दुसरा मजला.

मी आज सकाळी सव्वादहा वाजता कोणी न बोलावता ठाण्यात हजर होऊन सांगते की, मी एकोणीस वर्षे फॅशन शोमध्ये मॉडेलचे केस बांधते. काल दुपारी चार वाजता एका डिझाइनर बाईंच्या वसंत ऋतूच्या कपड्यांचा शो होता. मुली चौदा. नऊ जणींच्या सागरवेण्या, चौघींच्या डोक्याभोवती मुकुटासारख्या वेण्या, आणि सर्वांत शेवटी येणाऱ्या मुलीची पाचपेडी. तिचा गाऊन फिकट पोपटी ऑर्गंझाचा, पाठ कमरेपर्यंत उघडी. त्या पाठीवर दागिना असा नव्हताच, वेणीच काय ती.

सदर मुलगी बावीस वर्षांची असून केस गुडघ्यापर्यंत होते. सोबत तिची आत्या कायम असते. तिची कामे आत्याच ठरवते. मलाही निम्मी कामे आत्याच्या शब्दावर मिळतात.

सव्वादोन वाजता वेणी पुरी झाली. मुलगी म्हणाली, "ताई, मानेपाशी रबर घट्ट लावा. एक नको, दोन लावा. मध्ये दोन बोटं जागा ठेवा." मुली काहीबाही सांगतात म्हणून मी कारण विचारले नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी आत्याचा आरडाओरडा ऐकला. "माझ्या पोरीची वेणी कापली गं कोणीतरी! मागून येऊन कापली!" मुलगी खुर्चीत बसलेली होती. ती रडत नव्हती. माझी लांब कात्री टेबलावर नव्हती, त्यामुळे सगळे आधी माझ्याकडेच बघू लागले. तेवढ्यात आत्या इस्त्रीच्या टेबलाकडे गेली, खालच्या टोपलीत हात घातला आणि वेणी व कात्री बाहेर काढली. खोलीत टोपल्या आणि पिशव्या मिळून वीसएक असतील. तिने दुसरी एकही उघडून पाहिली नाही.

टोपली इस्त्रीवालीची. तिला मी अकरा वर्षे ओळखते, दुपारचा डबा आम्ही एकत्र खातो. तिने सकाळी मुलीचे केस पाहून म्हटले होते, "बाई गं, एवढी वेणी मला दिलीस तर कपडे वाळत घालायला दोरीच नको!" हे तिथल्या दोघींनी नंतर आलेल्या पोलिसांना सांगितले. ती थट्टा होती. पण खरे सांगायचे तर त्या क्षणी मलाही तिचाच संशय आला.

नंतर वेणी हातात घेतली तेव्हा एक रबर वेणीच्या वरच्या टोकाला होते आणि दुसरे मुलीच्या मानेवर. कात्री बरोबर मधून चालली होती. झटापटीत कापलेली वेणी उसवते. हिचा एक पेडही हललेला नव्हता.

पोलिसांनी काल विचारले, "टोपलीपाशी कोणाला पाहिलं?" मी सांगितले, "लक्ष नव्हतं." ते खोटे होते. तीन वाजता आत्या हातावर शाल घेऊन टोपलीवर वाकलेली मी आरशात पाहिली होती. पोलीस इस्त्रीवालीला घेऊन निघाले तेव्हा इस्त्रीवाली मला म्हणाली, "अगं, तू तर समोरच होतीस ना?" मी ब्रश साफ करत राहिले.

डिझाइनर बाईंनी मुलीला तशाच आखूड केसांनी रॅम्पवर पाठवले. टाळ्या खूप झाल्या, असे ऐकले. मी पडद्यामागे होते.

शो संपल्यावर मुलीने मला कपडे बदलायच्या खोलीत सांगितले, "मीच कापली, ताई. सहा वर्षं डोकं ठणकतंय. आत्या रात्री माझ्या वेणीचं टोक स्वतःच्या उशीखाली घेऊन झोपते. कापल्यावर तिलाच जाऊन सांगितलं. ती म्हणाली, तू तोंड उघडू नकोस, मी बघते." मुलीचा केसांच्या तेलाच्या जाहिरातीचा करार असून तीन वर्षे केस कापायचे नाहीत अशी अट आहे. दुसऱ्याने कापले तर मुलीकडे दोष येत नाही.

मी विचारले, "आणि त्या बिचारीचं काय?" ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही सांगाल."

मुलगी आत्ता बाहेर बाकावर बसली आहे. सकाळपासून आत्याचे अकरा फोन आले, तिने एकही उचललेला नाही. तिचाही जबाब घ्यावा. आत्याकडून यापुढे काम मिळणार नाही हे मला ठाऊक आहे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. फक्त एक दुरुस्ती करून घेतली. इस्त्रीवालीशी माझे नाते या रकान्यात "एकाच ठिकाणी काम करणारी" असे लिहिले होते. ते खोडून "मैत्रीण" केले आहे. तिने मानले तर.