पाण्यावरचं डोकं

जोआन : …आणि चर्चमध्ये जाऊन सांगून आले, उद्याची मिस्सा नको. मेलेल्यांसाठीची प्रार्थना असते ती. माझा नवरा मेलेला नाही, पप्पा.

लिओनार्ड : आगो बाय, फादर काय बोलले?

जोआन : नुसता डोक्यावर हात ठेवला. तुम्ही ते जाळं ठेवा आधी, बोट काढा. मी पाहिलंय गेविनला.

(तारोडीचा किनारा, उन्हं उतरलेली. लिओनार्डच्या हातातली जाळं शिवायची सुई थांबते. गेल्या महिन्यात वादळात गेविनची बोट उलटली. खलाशी पोहत आले, लिओनार्डचा पोरगा गेविन आला नाही. सून जोआन भाईंदर पूर्वेच्या फ्लॅटात वाढलेली, समुद्र तिनं लग्नानंतरच जवळून पाहिला. तिला काय दिसलं असेल, ते म्हाताऱ्याला तेव्हाच कळतं.)

लिओनार्ड : कुठं बगलंस?

जोआन : त्या खडकांच्या पलीकडे. एक बोट येत होती ना, तिच्या मागे. डोकं सरळ वर आलं, मानेपर्यंत. बोटीकडे बघितलं. गेलं खाली. मग परत आलं!

लिओनार्ड : हात दिसलं काय?

जोआन : हात… नाही. पाण्यात असतील. दमला असेल तो.

लिओनार्ड : खाली गेला तवा पानी उडालं?

जोआन : नाही, हळूच गेलं. तुम्ही पोलिसांसारखं काय विचारत बसलाय?

लिओनार्ड : आवाज आला व्हता? फुस्स करून?

जोआन : हो! दम टाकल्यासारखा. म्हणजे जिवंत आहे ना? मेलेला माणूस श्वास घेतो का?

लिओनार्ड : बस हितं.

जोआन : बसायला टाईम नाहीये, पप्पा! अंधार पडेल.

लिओनार्ड : तो गादा हाय, बाय. तुमी डॉल्फिन बोलता तो.

जोआन : डॉल्फिन उड्या मारतात. गेविननेच दाखवलेत मला.

लिओनार्ड : उडी मारतो तवा सगल्यांना कलतं. कवा कवा पान्यात उभा ऱ्हातो. डोकं भायेर काढतो, बोटीत कोन हाय बगतो, तसाच खाली जातो. लांबून मानूसच वाटतो.

जोआन : तुम्ही थकलात. सगळेच थकले. आधी अख्ख्या गावाच्या बोटी शोधत होत्या, आता कोणी जात नाही. आणि तुमचा सख्खा मुलगा, तुम्ही जाळं शिवत बसलाय!

लिओनार्ड : मना पन दिसला व्हता.

जोआन : काय?

लिओनार्ड : शोधाला गेलो तवा. असंच डोकं, सरल वर. जल्मभर गादा बगतोय मी. बगल्याबरोबर कललं, गादा हाय.

जोआन : मग?

लिओनार्ड : तरी बोट वलवली.

जोआन : पप्पा…

लिओनार्ड : इंजिन बंद केलं. हाक मारली. गेविन, बाबा, मी आलो रं. खलाश्यांनी तोंडं फिरवली. परत मारली हाक.

जोआन : आणि तो?

लिओनार्ड : उभा ऱ्हायला. सगलं आयकलं. मंग गेला खाली.

जोआन : रडू नका ना. तुम्ही रडलात तर मी कोणाकडे बघू?

लिओनार्ड : व्हेराला सांगू नको. तुजी सासू आताशी कुठं भाकरीला हात लावतेय.

जोआन : नाही सांगत.

लिओनार्ड : बोट काडू काय? तू बोलशील तर आता काडतो.

जोआन : गेलो तर तुम्ही परत हाक माराल?

लिओनार्ड : मारीन की.

जोआन : नको मग. नका काढू. …मिस्सा सकाळचीच आहे ना?

लिओनार्ड : तू तर नको सांगून आलीस.

जोआन : तुम्ही जाऊन सांगा फादरना, होऊ दे म्हणून. मला नाही बोलता येणार.

लिओनार्ड : सांगतो. तू येशील ना?

जोआन : येईन. फक्त त्याचं नाव घेतील तेव्हा माझा हात धरा, पप्पा. नाहीतर मी दाराकडे बघेन.