बूच कोणी काढलं?

...अहो, बूच काय आपल्या पायानं चालत जातं? तुम्हीच सांगा! होडीच्या मागच्या फळीला तळाशी एवढंसं भोक, त्यात एवढंसं बूच, आणि त्या बुचावर माझा आणि मेहुण्याचा जीव! मला संशय घ्यायची सवय नाही हं, पण ते कोणीतरी काढलं!

तुम्हाला सांगतो, धावत्या होडीत पाणी चढत नाही, त्यामुळे खाडीच्या मध्यापर्यंत आम्हाला पत्ताच नाही... समोर बर्फाच्या लादीवर सील, हा असा लठ्ठ! इंजिन बंद केलं, बंदूक उचलली, नेम धरला, आणि मागून मेहुणा, हा नुका, "दाजी, तुमचेपण पाय भिजलेत का हो?" भिजलेत का हो! घोट्यापर्यंत पाणी, आणि तेही असलं की माणूस बुडायच्या आधी गारठूनच मरायचा! तुम्हाला म्हणून सांगतो, घाबरलो. शेवटी नुकानं पायातला मोजा काढून भोकात कोंबला, मी कॉफीच्या डब्यानं उपसतोय, उपसतोय... आणि सील? बघत बसला होता हो, निवांत!

परत येताना डोक्यात एकच, कोण असेल? शेजारचा गेर्ट सकाळी धक्क्यावर म्हणाला होता, "भरपूर शिकार मिळो!" चाळीस वर्षांत कधी इतका गोड बोलला नाही! मला संशय घ्यायची सवय नाही हं, पण... आणि नुका तरी? मोजा इतक्या चटकन सुचतो कसा?

घरात पाऊल टाकताच ओरडलो, "बूच कोणी काढलं?" तर नुकाची चार वर्षांची पोरगी खिशातून बूच काढते नि म्हणते, "मी. काल आजीबरोबर धक्क्यावर गेले होते. होडी वर ओढली की बूच काढायचं. नाहीतर पाणी साठतं, गोठतं, होडी तडकते. तू नेहमी विसरतोस!"

तिला काही बोलणार, तोच सासूबाईंनी डोळ्याला पदर... म्हणजे बाही लावली! "अगदी ह्यांचंच बोलणं!" कारण पोरीचं नाव पाविया, माझ्या वारलेल्या सासऱ्याचं. आमच्यात मेलेल्याचं नाव बाळाला दिलं की तो माणूस परत आला. नुका स्वतःच्या पोरीला "बाबा" म्हणतो! "बाबांचं बरोबर आहे, दाजी. होडी सोडताना बूच बघायचं काम तुमचं." एका पायात मोजा नाही, आणि म्हणे बाबांचं बरोबर!

मग काय, मागितली माफी. बिस्कीट खात खात ऐकून घेतली सासरेबुवांनी.

खरं सांगू? त्यांना स्मशानात पोचवून आलो तेव्हा मनात म्हटलं होतं, चला, सुटलो! आता तेच मला पोचवणार.