एन दोन

व्हर्ना : नाही, आर्डिस. नाही म्हणजे नाही. माझ्या भावाच्या स्मृतीच्या बाकावर, पितळेच्या पट्टीवर 'फनर'? मी जिवंत असेपर्यंत तरी नाही.

आर्डिस : तुझा भाऊ होता, तसा माझा नवराही होता. बेचाळीस वर्षं. आधी ती रूबार्बची वडी खा, मग भांड.

व्हर्ना : खाते. वाच बघू पुन्हा.

आर्डिस : 'ऑरिन डालन. त्याच्यासोबत सगळं फनर होतं.'

व्हर्ना : अगं, मजा जास्त असली की 'मोअर फन' म्हणतात. शेपटीला 'र' जोडून मजा वाढत नाही.

आर्डिस : ऑरिनची वाढायची. बर्फाला भोक पाडून मासे धरत बसणं फनर. गाडी बंद पडून चालत घरी येणं, तेही फनर. शेवटी दवाखान्यात लाल जेली दिली, तर म्हणाला, हिरवीपेक्षा फनर आहे.

व्हर्ना : जेली! मी असते तर...

आर्डिस : सुधारलं असतंस. आमच्या लग्नात त्याच्या भाषणात मधेच उठून सुधारलं होतंस.

व्हर्ना : दीडशे माणसं ऐकत होती!

आर्डिस : तुझ्या त्या जाडजूड शब्दकोशात बघितलं मी. आहे तो शब्द.

व्हर्ना : ठाऊक आहे. मीही बघितलाय. चारदा. म्हणून काय झालं? लोक बोलतील ते ती मंडळी टिपून घेतात. दाताखाली खडा यायचा तो येतोच. एकतीस वर्षं गावच्या साप्ताहिकाची प्रुफं तपासली मी. आता तळ्याकाठी फिरणारा प्रत्येकजण थांबून म्हणणार, व्हर्नाला ही चूक दिसली नाही?

आर्डिस : हं. ते आलं का आता बाहेर!

व्हर्ना : कॉफी आहे का अजून?

आर्डिस : आहे. हे बघ, ड्वेन चारला कोरायचं मशीन बंद करतो, आणि बाक शनिवारी बसवणार. तुझ्या मनाविरुद्ध मी करणार नाही. 'प्रेमळ पती' लिहू. अख्ख्या मिनेसोटात तेच असतं. फक्त मग तो ऑरिनचा बाक नाही, कुणाचाही.

व्हर्ना : तो शब्द त्याला कुणी शिकवला, सांगितलं कधी त्यानं?

आर्डिस : नाही बाई. असेल शाळेतलं कुणी वांड कार्टं.

व्हर्ना : मी.

आर्डिस : काय?

व्हर्ना : मी आठ वर्षांची, तो पाच वर्षांचा. चर्चमागच्या बर्फाच्या उतारावर घसरगाडी नेली होती. खाली बघून तो रडायलाच लागला. मी म्हटलं, उताराकडे पाठ करून बस, फनर असतं. बसला. थेट तळापर्यंत हसत गेला.

आर्डिस : व्हर्ना!

व्हर्ना : पुढं त्याच शब्दावरून बाईंनी मला वर्गात उभं केलं. सगळे हसले. मी तो टाकला. त्यानं नाही टाकला.

आर्डिस : आणि जन्मभर तुझी बोलणी खाल्ली, पण तुझं नाव सांगितलं नाही.

व्हर्ना : लबाड होता. म्हणताना माझ्याकडेच बघायचा.

(फोन वाजतो.)

आर्डिस : ड्वेनच असणार. काय सांगू त्याला?

व्हर्ना : दे इकडे. ड्वेन? व्हर्ना बोलतेय. हो, तोच शब्द. नीट ऐक, एन दोन येतात.