काळजीपोटी पुसलेलं तोंड

...आणि वर ती टीव्हीवाली बाई म्हणते कशी, "लुओंगसान, तुमच्याच काळजीपोटी केलं हो ते." आता मला सांगा, भल्या माणसाचं तोंड पुसून टाकायचं, आवाज रेड्यासारखा जाड करायचा, याला काळजी म्हणतात? तुम्हाला सांगतो, माझं तोंड देखणं आहे असा माझा दावा नाही, बुटांच्या कारखान्यात तीस वर्षं पावत्या लिहून जसं व्हायचं तसंच झालंय, पण सत्तर वर्षं वापरतोय हो मी ते...

झालं काय, परदेशी लोक शेजाऱ्यांत कसे राहतात ते टीव्हीवाल्यांना दाखवायचं होतं. आमच्या कोबेतल्या गल्लीत परदेशी म्हणजे मी, पस्तीस वर्षं इथं राहूनसुद्धा. निशिवाकी नावाची तरुण बाई आली, मागे कॅमेरेवाला. पहिलाच प्रश्न, "व्हिएतनामहून जीव वाचवून नावेतून पळून आलात ना?" म्हटलं, नावेतून थोरला भाऊ आला, मी त्याच्या मागून विमानानं आलो, खिडकीजवळची जागा होती. बाईचा चेहरा पडला. "निदान वाटेत वादळ तरी?" म्हटलं, नाही, जेवायला कोंबडी होती. पण बाई, मी कचऱ्याचा राखणदार आहे, ते दाखवा की.

हसताय? अहो, आमच्याकडे सोमवारी जळणारा कचरा, बुधवारी रिकामे पत्र्याचे डबे, आणि पिशव्यांवर जाळी पसरली नाही तर कावळे सगळ्या गल्लीला घरोघरचं जेवण दाखवतात. त्या जाळीच्या पेटीची किल्ली गल्लीच्या मंडळानं माझ्याकडे दिलीय. परदेशी माणसाला पहिल्यांदाच. अकरा वर्षं गळ्यात आहे. आमची थॉम म्हणते, "अहो, आंघोळीला तरी काढा."

तर कॅमेऱ्यापुढे जाळी तीनदा उचलली. त्यात कुणा शहाण्यानं डब्यांच्या दिवशी भाज्यांची सालं टाकलेली, ती पिशवी मी नेहमीप्रमाणे बाजूला काढली. झालं! तेवढंच दाखवलं. चेहऱ्यावर धुरकट चौकटी, आवाज जाड केलेला, हातात चुकीची पिशवी आणि खाली अक्षरं, 'कचऱ्याचे नियम आणि परदेशी रहिवासी'. माझी टोपी पुसायची मात्र राहिली, त्यामुळे सगळ्या गल्लीनं मला ओळखलं. कुणीतरी ते गावाकडेही पाठवलं, तर तिथून धाकट्या बहिणीचा फोन, "दादा, जामीन मिळाला का रे?" निशिवाकीबाईंना फोन केला तर... काळजीपोटी.

चार दिवसांनी मंडळाचे अध्यक्ष कुवातासान मिठाईचा डबा घेऊन आले. कुवातासान मिठाई घेऊन आले की समजावं, काहीतरी गेलं. "नव्या इमारतीतल्या लोकांनी तुमच्याविरुद्ध तक्रारीचं पत्र दिलंय," म्हणाले, "रविवारच्या बैठकीपर्यंत जरा विश्रांती घ्या. तुमच्याच काळजीपोटी म्हणतोय." आणि किल्ली घेऊन गेले. मिठाई चांगली होती, पण गळा मोकळा झाला की माणूस किती उघडा वाटतो, तुम्हाला सांगतो...

मग थॉमनं मला हान्हकडे धाडलं. हान्ह आमचं रेडिओ केंद्र चालवते. केंद्र म्हणजे चर्चच्या माडीवरची खोली, भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले. पण भूकंप झाला तेव्हा, सगळीकडे भोंग्यांवरून भराभर जपानीतून सूचना ओरडत होते, मला धड कळेना, मी तीन तास एका रांगेत पाण्यासाठी उभा, आणि पुढे जाऊन बघतो तर ती आंघोळीची रांग! दुसऱ्या दिवशी या केंद्रावर कुणीतरी शांतपणे आमच्या भाषेत सांगितलं, पाण्याची गाडी शाळेमागे येते. तो आवाज कुणाचा ते आजवर कळलेलं नाही, पण पाणी पिताना अजून आठवतो.

हान्ह म्हणाली, "काका, शनिवारी बोला. नाव सांगून, स्वतःच्या आवाजात." म्हटलं, जपानीतून बोलू ना? "छे, आपला अर्धा तास आपल्या भाषेतला." म्हणजे बघा, ज्यांना सांगायचं त्यांना एक अक्षर कळणार नाही. तरी बोललो. मी लुओंग, अकरा वर्षं जाळी पसरतो, ती पिशवी माझी नव्हती.

रविवारी बैठक. नव्या इमारतीचा एक जण म्हणाला, आम्ही टीव्हीवर बघितलं. मी मान खाली घातलेली. तेवढ्यात आमच्या शेजारच्या ताकेउचीआजी उठल्या, वय अठ्ठ्याऐंशी, उठायलाच दोन मिनिटं लागली, कुणाची मध्ये बोलायची छाती नाही. म्हणाल्या, "टीव्हीवर बोलला तो हा नव्हे. याचा आवाज बेडकासारखा आहे, कालच रेडिओवर ऐकला."

कुवातासान म्हणाले, "आजी, तुम्हाला व्हिएतनामी कळतं?"

"एक शब्द नाही. पण भूकंपात यानं ते ऐकलं आणि माझीही बादली भरून आणली. तेव्हापासून दर शनिवारी लावते. ज्यातून पाणी आलं ते बंद कसं करायचं?"

कुवातासाननी किल्ली काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. मी ती तिथंच गळ्यात घातली आणि आभार मानले, बेडकाच्याच आवाजात.

आता हे निशिवाकीबाईंच्या कानावर गेलंच. पुन्हा आल्या, खाली वाकून माफी मागितली आणि यावेळी सगळं दाखवलं, नाव, किल्ली, आजी. माझा चेहरा तर असा लख्ख की नाकावरचे तीळ मोजावेत. मी मोठ्या ऐटीत थॉमकडे बघितलं. ती बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग पुन्हा टीव्हीकडे...

"अहो," म्हणाली, "ते आधीचंच बरं होतं. तुमच्याच काळजीपोटी सांगते."