सगळ्यांना सारखं ऐकणारं मशीन

...आणि वर मलाच विचारतात, "मारोतराव, एवढं चिडायला काय झालं?" आता तुम्हीच सांगा, चिडू नको तर काय नाचू? लातूर सोडून कामोठ्यात फ्लॅट घेतला, हौसेनं ओटा बांधला, अन् छत गळायलंय ते बरोबर गॅसवर! बायको फोडणी घालायली, मी वर छत्री धरायलो!

तुम्हाला सांगतो, आमच्या सोसायटीनं तक्रारीसाठी बोलणारं मशीन घेतलंय. फोन करा, कुठल्याबी भाषेत बोला, निकड बघून ते प्लंबर पाठवतं. सेक्रेटरी अभिराम छाती फुगवून सांगतात, "मशीनला भेदभाव कळतच नाही!" बरं बाबा. मी म्हटलं, "माज्या घरात पाणी गळायलंय." शब्द न् शब्द कळला त्याला, परत म्हणून दाखवला! अन् वर म्हणतंय कसं, "निकड, किरकोळ." किरकोळ? अहो, वरण पातळ व्हायलंय माझं!

मग मीटिंगमध्ये ठरलं, परीक्षाच घेऊ मशीनची. रविवारी सगळे सोसायटीच्या ऑफिसात, वडे मागवले, वाक्य एकच, बोली ज्याची त्याची. तळमजल्याच्या गिरजाबाई इथल्याच गावच्या, "माजे घरान पानी गलतंय रं!" किरकोळ. स्मिताताई अगदी बातम्या दिल्यासारख्या, "माझ्या घरात पाणी गळत आहे." मध्यम. शेजारचा मिथुन हिंदीत बोलला, तातडीचं! अन् यशराज इंग्लिशमध्ये, तेपण वडा खात खात... अतितातडीचं! त्याला सॉरीसुद्धा म्हणालं हो!

मी म्हटलं, "बघा!" तर अभिराम, "छे छे, मशीनला भेदभाव कळतच नाही. तुमच्या आवाजात घाई नव्हती." आता घाई कशी आणायची आवाजात, रडू का? रडलो, राव! सगळ्यांदेखत खरंच रडून सांगितलं. म्हणतंय, "शांत झाल्यावर फोन करा."

बरं, हे सगळं खऱ्या तक्रारीच्या चालू लाइनवर केलं, हे कुणाच्या डोक्यातच नाही! सोमवारी प्लंबर आला... यशराजकडे. घर कोरडं ठणठणीत. मग मिथुनकडे, तेबी कोरडं. जिन्यात गाठला मी, "बाबा, गळायलंय माझ्याकडं!" "काका, तुमचं नाव नाही मला आलेलं." गेला! अन् जाताना मशीनला कळवलं काय, तर बिल्डिंगमध्ये गळती नाही!

अभिरामना म्हटलं, आता? "अहो, मशीनला भेदभाव..." पुढचं ऐकलंच नाही मी.

तेवढ्यात मशीनचा फोन, "आपली तक्रार खोटी आढळल्याने बंद केली आहे." दमलो होतो. सहज तोंडातून गेलं, "थँक यू." तर लगेच गोड आवाजात, "एनी अदर हेल्प, सर?"

सर! पहिल्यांदा सर म्हणालं हो मला! अन् मला पुढचं इंग्लिशच येईना. "नो" म्हटलं अन् ठेवला फोन.