तानुबाईंचा हात

(भोसरी, १९७८. गुरुवार, कारखान्यांच्या सुट्टीचा दिवस. कस्तुराची खोली. पाटावर तीन नवी बॉलपेनं आणि रद्दीतले कोरे कागद.)

दोन

कस्तुरा : हे दुसरं, खटक्याचं, नुसतं दिसायला छान. आतली स्प्रिंग ढिली आहे, टोक हलतं. बघा, वेटोळं काढताना रेघ कशी थरथरतेय. खिशाला लावून मिरवायचं असेल तर ठीक.

तानुबाई : आन् हाताला?

कस्तुरा : निसटतं. घाम आला की बोटं खाली सरकतात. मग माणूस आवळून धरणार आणि दुसऱ्या पानावर त्याचा अंगठा दुखायला लागणार.

तानुबाई : पयल्याचं काय म्हनालीस मगा?

कस्तुरा : पहिलं बारीक लिहितं, शाईचा गोळा सोडत नाही. पण सहा कडा आहेत त्याला, त्या मधल्या बोटात रुततात. मावशी, तुम्ही हे पाठ करताय का?

तानुबाई : ध्यानात ठेवतीया.

कस्तुरा : कशाला?

तानुबाई : हरिहर साहेबानं सांगितलंय. शाळांची मोठी आर्डर हाय म्हनं. तिन्हीतलं कुठलं बनवायचं त्ये उद्या त्यास्नी सांगायचं. म्हनाले, तानुबाई, अकरा वरसं पेनं तपासताय, तुमचा हात म्हंजी आमचं मशीन.

कस्तुरा : मग मशीन माझ्या दारात कशाला आलं? तीन आठवडे झाले मला कंपनीतून काढून. मी नळावर दिसले की तुम्ही अर्धा भरलेला हंडा उचलून चालू लागता. आणि आज शेंगदाणे घेऊन आलात. शेंगदाणे आणि पेनं.

तानुबाई : तिसरं बघ की.

तीन

कस्तुरा : बघते. हाताला सवयच लागलीय. परवा आमच्या ह्यांचं पेन घेऊन वेटोळी काढत बसले होते. हे म्हणाले, अगं, आता कोण पास म्हणून उजव्या खोक्यात टाकणार आहे ते?

तानुबाई : रागावले व्हय?

कस्तुरा : नाही. हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. हे टोपणाचं जाड आहे. पहिली दोन वेटोळी कोरडी जातात, मग सुटतं. सुटलं की दाबावं लागत नाही, आपसूक चालतं. पोरांना हेच द्या. पोरं मुठीत धरून लिहितात, त्यांना जाडच बरं.

तानुबाई : म्हंजी तीन नंबर.

कस्तुरा : हे माझं झालं. आता तुमचं सांगा.

तानुबाई : तुज्यासारखंच.

कस्तुरा : असं नाही. मी नवीन होते तेव्हा तुम्ही मला डोळे मिटून लिहायला लावायचात. रेघेकडं बघू नकोस म्हणायचात, रेघ फसवते, बोटाला विचार. मिटा डोळे. हं, हे धरा. आठ वेटोळी.

तानुबाई : काडते.

कस्तुरा : कसं आहे?

तानुबाई : बरं हाय. मऊ चालतंय. सुरवातीला वाईच कोरडं, तू म्हनालीस तसं.

कस्तुरा : मावशी, थांबा.

तानुबाई : काय झालं?

कस्तुरा : उघडा डोळे. मी टोपण लावून दिलं होतं, ते काढलंच नाहीत तुम्ही.

टोपण

तानुबाई : दिवाळीपास्नं झालंय. आदी मुंग्या यायच्या, हात झटकला की जायच्या. मग मुंग्या बी येईनाशा झाल्या. अंगठा आन् ही दोन बोटं. भाकरी थापताना पीठ कोरडं का ओलं त्ये डोळ्यानं बघाया लागतं.

कस्तुरा : डॉक्टरला दाखवलंत?

तानुबाई : कंपनीच्या डाक्टरकडं गेलं की साहेबाला कळतंय. बाहेरच्याला दाखिवलं. त्यो म्हनला, काम बदला. जसं काय म्या लुगडं बदलायचं हाय.

कस्तुरा : मग इतके महिने पेनं तपासलीत कशी?

तानुबाई : बघून. रेघ तुटली तर डाव्या खोक्यात, न्हाई तर उजव्या. खरखर कुठनं कळनार? आन् दाबून लिवलं की समदीच पेनं चालत्यात, कस्तुरा. म्या दाबून लिवायची.

कस्तुरा : म्हणून माझी जागा मागितलीत. मला म्हणालात, माझ्या एक नंबरच्या जागेवर ऊन डोळ्यांवर येतं.

तानुबाई : ऊन यायचं की.

कस्तुरा : तानुबाई.

तानुबाई : भिंतीकडची जागा व्हती तुजी. तिथं साहेबाला हात दिसत न्हाई.

चार

कस्तुरा : सहा दिवस तुम्ही माझ्या चार नंबरवर बसलात आणि मी तुमच्या एकवर. खोक्यात चिठ्ठी पडते ती जागेच्या नंबराची, माणसाच्या नावाची नाही.

तानुबाई : व्हय.

कस्तुरा : तो माल परत आला. शाई ओकणारी, कागद खरवडणारी पेनं, आणि सगळ्या खोक्यांत चार नंबरची चिठ्ठी. मी हरिहर साहेबांना सांगत होते, त्या आठवड्यात मी तिथं नव्हते, तानुबाईंना विचारा. बाकीच्या बाया खाली बघत होत्या. तुमच्या आधी कोण तोंड उघडणार? साहेबांनी तुम्हालाच विचारलं.

तानुबाई : नगं बोलू आता त्ये.

कस्तुरा : काय म्हणालात तुम्ही?

तानुबाई : तुला ठावं हाय.

कस्तुरा : तुमच्या तोंडून ऐकायचंय.

तानुबाई : म्हनले, ध्यानात न्हाई.

कस्तुरा : ध्यानात नाही. तीन आठवडे मी शोधतेय, मावशींचं काय वाकडं केलं मी? डब्यातलं कधी दिलं नाही का? कधी उलटून बोलले का? पलीकडच्या शेडमध्ये काम विचारायला गेले, तर तिथली बाई म्हणाली, खराब माल पास करणारी ती तूच ना? तिला काय सांगू? हो म्हणू की नाही म्हणू?

तानुबाई : साहेबानं इचारलं तवा समद्या बाया माज्याकडं बघाया लागल्या. त्यातल्या निम्म्यांस्नी म्या शिकवलंय. त्यांच्या म्होरं कसं सांगू, की माजा हात मेलाय? तोंडात आलं त्ये बोलले. मग तू डबा घिऊन फाटकाकडं चाललीस.

कस्तुरा : बघत होतात?

तानुबाई : खिडकीतनं. तू वळून बघशील म्हनून बाजूला झाले.

कागद

कस्तुरा : मग उद्या सांगून टाका साहेबांना. तीन नंबर, सुरुवातीला कोरडं, पोरांच्या हाताला चांगलं. खूश होतील. मी कुणाला काही बोलणार नाही.

तानुबाई : आसं नगं म्हनू.

कस्तुरा : टोमणा नाही मारत. माझं बोलणं आता कोण ऐकतंय?

तानुबाई : खोटं कशाला सांगू, कस्तुरा. म्या माफी मागाया आलेच नव्हते. तुज्याकडनं पेनांचं काडून घ्यायचं आन् उद्या आपलं म्हनून सांगायचं, येवढंच मनात. अख्खी वाट चालत आले, तवर लाज वाटली न्हाई.

कस्तुरा : टोपण दिसलं तेव्हा वाटली.

तानुबाई : न्हाई, त्याच्या आदीच. कामावनं काडलेली बाई तू. त्याच कंपनीची पेनं म्या तुज्या म्होरं टाकली, आन् तू मन लावून तपासाया लागलीस. पयली दोन वेटोळी कोरडी जात्यात, त्ये सुदिक सोडलं न्हाईस. तवा बसल्या जागी गोठले. कागुद घे. माजं अक्षर लागत न्हाई कुनाला, तू लिही. लिही, त्या आठवड्यात चार नंबरवर म्या व्हते.

कस्तुरा : साहेब विचारतील, आधी का नाही सांगितलंत?

तानुबाई : त्ये बी लिही.

कस्तुरा : तुमचं काम जाईल.

तानुबाई : खोकी बांधाया ठेवतील. न्हाईतर न्हाई ठेवायचे. तू लिही.

कस्तुरा : थांबा. हं. वाचते. "हरिहर साहेब यांस. माल परत आला त्या आठवड्यात चार नंबरच्या जागेवर कस्तुरा नव्हती, मी होते. तुम्ही विचारलंत तेव्हा मला सगळं आठवत होतं. माझ्या बोटांना पेन कळत नाही. त्याची लाज वाटली म्हणून मी खोटं बोलले."

तानुबाई : लाज वाटली, आसं म्या म्हनले का?

कस्तुरा : खोडू?

तानुबाई : ऱ्हाऊ दे. खाली लिही, तीन नंबरचं पेन चांगलं, ह्ये कस्तुरानं तपासलं. तुजं नाव नीट लिही.

कस्तुरा : लिहिलं. इथं सही करा.

तानुबाई : हितं?

कस्तुरा : हो. हळू, मावशी. हळू. फाटला कागद.

तानुबाई : किती दाबलं त्ये कळलंच न्हाई गं.

कस्तुरा : असू द्या. मी दुसरा लिहिते.